पाटीवर एक, पोत्यात दुसरंच : सार्वजनिक अर्थशास्त्राचा पहिला पेपर कसा वाचायचा

(बोललेल्या भागाचं हे शब्दांकन आहे. वाचायला सोपं जावं म्हणून वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचलाय. हदगावहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं आवाजी निरोप पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : सार्वजनिक अर्थशास्त्राचा पेपर आहे, व्याख्या पाठ होतात, डाल्टन झाले, मसग्रेव्ह झाले, ॲडम स्मिथची करांची चार तत्त्वंही झाली, पण यातलं आपल्या गावात काय आहे तेच कळत नाही. आणि शेवटी त्यानं विचारलं, पुस्तकात सारखं दीपगृहाचं उदाहरण असतं, ते नक्की कशाला?

प्रश्न रास्त आहे. पैनगंगेच्या काठच्या तालुक्यात दीपगृह कुणी बघितलंय? इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला जे रोज डोळ्यासमोर दिसायचं ते आपण शंभर वर्षं आपल्या पोरांना पाठ करायला देतोय. त्यात गंमत अशी, की रोनाल्ड कोस नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७४ साली एक लेख लिहून दाखवून दिलं, की इंग्लंडमधली बरीच दीपगृहं खासगी लोकांनी चालवली होती आणि त्यांचे पैसे बंदरात जहाजांकडून वसूल होत होते. म्हणजे उदाहरण तिथंही पूर्ण लागू पडत नाही!

तर आज दीपगृह बाजूला ठेवू. या विषयाचा पाया समजायचा असेल तर माझ्या मते एकच सवय लावून घ्यायची : नावावर जायचं नाही. या विषयात पाटीवर एक लिहिलेलं असतं आणि पोत्यात दुसरंच निघतं. तीन-चार पोती उघडून बघू.

पहिली पाटी 'सार्वजनिक वस्तू'. परीक्षेत निम्मी मुलं लिहितात, सरकार जी पुरवतं ती सार्वजनिक वस्तू. हे चूक आहे. पॉल सॅम्युएलसननं १९५४ मध्ये जी कल्पना नेमकी मांडली तिच्यात सरकार कुठंच नाही. तिथं प्रश्न वस्तूच्या गुणाचा आहे. एक, मी वापरली म्हणून तुझ्या वाट्याची कमी होते का? दोन, पैसे न देणाऱ्याला वापरण्यापासून अडवता येतं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं तर ती शुद्ध सार्वजनिक वस्तू.

आपल्याकडचं उदाहरण? पावसाचा अंदाज, पुराचा इशारा. नदीला पाणी येणार ही बातमी मी ऐकली म्हणून तुमच्यासाठी ती शिळी होत नाही, आणि एकदा गावात पसरली की कुणाला अडवणार? आणि म्हणूनच ही सेवा कुणी धंदा म्हणून गावोगाव चालवणार नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे कोण देईल? प्रत्येक जण म्हणेल, शेजारी देईल की! याला पुस्तकात 'फुकट्यांची समस्या' म्हणतात. इथं सरकार येतं ते या अडचणीमुळे. वस्तू सार्वजनिक असते म्हणून सरकार येतं. सरकार आलं म्हणून वस्तू सार्वजनिक होत नाही.

आता कॅनॉलचं पाणी घ्या. इसापूर धरण सरकारनं बांधलं, कालवा सरकारचा, पाणीपट्टी सरकारची. तर मग पाणी सार्वजनिक वस्तू? टेलच्या शेतकऱ्याला जाऊन विचारा. हेडवाल्यानं दोन पाळ्या जास्त घेतल्या की टेलला चिखलसुद्धा दिसत नाही. म्हणजे एकानं वापरलं की दुसऱ्याचं कमी होतं, आणि वरच्याला अडवणं मात्र फार अवघड. रात्री बारा वाजता दरवाजा कुणी उचलला, कोण बघणार? ही 'सामाईक साधनसंपत्ती' झाली आणि तिचा आजार वेगळा आहे. इशाऱ्याच्या बाबतीत भीती ही, की तो कुणी देणारच नाही. पाण्याच्या बाबतीत भीती ही, की सगळे मिळून ओरबाडतील. आजार वेगळा, तर औषधही वेगळं. महाराष्ट्रानं २००५ साली सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला, पाणी वापर संस्था त्या कायद्याखाली चालतात. त्यामागचा विचार हाच, की एकमेकांवर नजर ठेवायचं काम पाटकऱ्यापेक्षा पाणी घेणारेच बरं करतील. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची अशी उदाहरणं अभ्यासली आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सगळ्या संस्था चालतात असं नाही हं. कागदावरच्या संस्थाही पुष्कळ आहेत.

एक घरचा अभ्यास देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पाणी सार्वजनिक वस्तू होतं का? दोन्ही कसोट्या लावा आणि मग सांगा, ते सरकारनंच का आणायचं? इशारा : उत्तर 'कार्यक्षमता' या शब्दात नाही.

बाह्य परिणाम, म्हणजे माझ्या करण्याचा भुर्दंड किंवा फायदा तिसऱ्याला होणं, यावर फार थांबत नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा जनावरांना मोफत लस का दिली, एवढं आठवलं तरी पुरे. शेजाऱ्याच्या बैलाला लस टोचली की माझा बैलही थोडा सुरक्षित होतो. शेजारी पैसे मोजताना माझ्या बैलाचा विचार करणार नाही, म्हणून खर्च सगळ्यांचा.

आता दुसरी पाटी, आणि ही खरी महत्त्वाची. 'कर कोण भरतो?'

मोंढ्यात चला. सोयाबीनची गाडी आली, सौदा झाला. बाजार समितीची फी कायद्यानं खरेदीदाराकडून घ्यायची असते. शेतकऱ्याला वाटतं, चला, हे आपल्या पट्टीतून कापत नाहीत. बरोबर, पट्टीत ती ओळ नसते. पण व्यापारी बोली लावतानाच डोक्यात हिशेब करून बसलेला असतो : शेकडा रुपया फी जाणार, तर मी तेवढं खाली बोलतो. पावती त्याच्या नावाची, पैसे कुणाचे?

याला कराचा आघात आणि कराचा भार असे दोन शब्द आहेत. आघात म्हणजे कायद्यानं ज्याच्या नावावर कर पडतो तो. भार म्हणजे शेवटी ज्याच्या खिशातून जातो तो. मधल्या प्रवासाला करसंक्रमण म्हणतात. पाठ करायला सोपं आहे. पण भार कुणावर पडणार हे ठरवतं काय? ज्याला थांबता येत नाही, त्याच्यावर पडतो. पुस्तकी भाषेत, ज्याची लवचिकता कमी.

ज्या शेतकऱ्याला दिवाळीच्या तोंडावर उधारी फेडायचीय, गाडीचं भाडं आधीच दिलंय, तो माल परत घरी नेणार नाही. त्याचा पुरवठा ताठर. व्यापारी मात्र दुसरी गाडी घेईल. मग फीचा बराचसा भार शेतकऱ्यावर. तोच शेतकरी माल गोदामात ठेवून शेतमाल तारण कर्ज उचलू शकला तर तो थांबू शकतो, आणि तोच कर तेवढा व्यापाऱ्याकडे सरकतो. कायद्यातलं एक अक्षर न बदलता! म्हणून मला वाटतं, मोंढ्यात शेतकऱ्याच्या बाजूनं झालेलं सगळ्यात मोठं करधोरण म्हणजे गोदाम.

२०१६ मध्ये भाजीपाला-फळांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी संप केला होता, आठवत असेल. आडत हा काही कर नाही, पण तर्क तोच लागतो. निर्णय चांगला की वाईट यावर त्या वेळी पुष्कळ बोललं गेलं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं विचारायचा प्रश्न वेगळा : आडत ज्या दिवशी सरकली, त्या दिवशी भाव किती सरकला?

हाच डोळा जीएसटीकडे लावा. शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. ऐकायला सवलत वाटते. पण जीएसटीची साखळी अशी आहे, की प्रत्येक जण खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून घेतो. खताच्या बॅगवर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. दुकानदारानं हा कर पुढं ढकलला. शेतकरी नोंदणीतच नाही, तर तो कुठं वजा करणार? आणि भाव तो ठरवत नाही, म्हणजे पुढंही ढकलता येत नाही. साखळी त्याच्या बांधावर येऊन थांबते. 'करातून सूट' आणि 'कर शून्य' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पेपरात फरक स्पष्ट करा म्हणून येतं ते हेच.

बरं, एकच बाजू सांगून चालणार नाही. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि अनुदानाची रक्कम त्या बॅगवरच छापलेली असते, ती किमतीच्या कितीतरी पट असते. म्हणजे एकाच बॅगवर कर पण आहे आणि अनुदान पण. वाचून बघा एकदा. आणि मग हाही प्रश्न विचारा, की अनुदानाचा लाभ कुणाला? कर जसा सरकतो तसं अनुदानही सरकतं. शेतकरी, खत कारखाना, की स्वस्त धान्य खाणारा शहरातला माणूस? माझं मत, थोडं थोडं तिघांना, आणि जमिनीला नुकसान. युरिया इतका स्वस्त असल्यावर स्फुरद-पालाशकडे कोण बघतो?

आता मुख्य भागाकडे येऊ. कॉलेजात शिकवणाऱ्या कुठल्याही सरांचं पगारपत्रक बघा. कपातीत एक ओळ असते, व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. फेब्रुवारीतच का? कारण अकरा महिने दोनशे म्हणजे २२००, आणि राज्याला वर्षाला एका माणसाकडून घेता येतो जास्तीत जास्त २५०० रुपये. ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच लिहिलेली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपर्यंत ती २५० होती, तेव्हा २५०० झाली, आणि तिथंच आहे. १९८८ चे २५०० आणि आजचे २५००, तुम्हीच हिशेब करा.

स्मिथचं पहिलं तत्त्व समतेचं. लावा इथं. महिना १५ हजार मिळवणारा तरुण वर्षाला २५०० भरतो, म्हणजे उत्पन्नाच्या जवळपास १.४ टक्के. महिना दोन लाख मिळवणारा अधिकारीही २५०० च भरतो, म्हणजे ०.१ टक्का. हा प्रतिगामी कर. (महिलांना २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफी आहे, तेवढा भाग सोडा.) त्याच वेळी निश्चितता आणि सोय या तत्त्वांवर हा कर पैकीच्या पैकी मार्क घेतो. किती, कधी, कसा, सगळं माहीत, पगारातूनच कापला जातो. एकाच करात चार तत्त्वं एकमेकांशी भांडताना दिसतात. पुस्तकात ती एका ओळीत गुण्यागोविंदानं बसलेली असतात.

पण हा कर आला कशासाठी? तिथं खरा इतिहास आहे. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, आणि तो आला रोजगार हमीसाठी.

१९७२ चा दुष्काळ. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, सगळं सांगतील. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधी, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता : मागेल त्याला काम. दुष्काळाच्या वर्षी ती कल्पना राज्याची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचं काम मागण्याचा हक्क, नाही दिलं तर बेकारी भत्ता. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. देशभरासाठी कायदा व्हायला २००५ उजाडलं.

पैसा कुठून? व्यवसाय कर, विक्रीकर आणि मोटार वाहन करावरचा अधिभार, बागायत जमिनीवरचा कर, शहरातल्या बिगरनिवासी इमारतींवरचा उपकर, आणि जेवढं यातून जमेल तेवढीच भर सरकारची. नगरपालिकेच्या हद्दीत कुणाचं दुकान असेल तर मालमत्ता कराच्या पावतीवर 'रोजगार हमी कर' असा रकाना शोधा. तो हाच.

म्हणजे झालं काय? पगारदार आणि दुकानं सगळ्यात जास्त कुठं? मुंबईत. दुष्काळ कुठं? मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशातून इकडं पाझर तलाव खोदले गेले. रिचर्ड मसग्रेव्हनं १९५९ च्या पुस्तकात सरकारी वित्ताची तीन कामं सांगितली : साधनांची वाटणी, उत्पन्नाचं फेरवाटप, आणि स्थैर्य. मुलं तीन वेगळे मथळे करून लिहितात. इथं एकाच मस्टरवर तिन्ही आहेत. तलाव आणि नालाबांध ही वाटणी. मुंबईचा पैसा मजुराच्या हातात, हे फेरवाटप. आणि पाऊस गेला की मजूर आपोआप वाढतात, खर्च आपोआप वाढतो. पीक बरं आलं की मजूर शेतात परत जातात आणि खर्च उतरतो. कुणी मंत्र्यानं बटण दाबावं लागत नाही. यालाच स्वयंचलित स्थिरक म्हणतात.

आणखी एक बारीक गोष्ट. गरीब कोण हे ठरवायला इथं कार्ड लागत नव्हतं, सर्व्हे लागत नव्हता. उन्हात दगड उचलायचे आणि मजुरी बेताची. ज्याचं पोट भरलंय तो येणारच नाही. योजना स्वतःच माणूस निवडते. स्त्रिया मोठ्या संख्येनं या कामांवर आल्या, कामाच्या मापावर दर सारखा होता, हेही एक कारण.

मसग्रेव्हचं मत असं, की फेरवाटप आणि स्थैर्य ही कामं केंद्रानं करावीत. राज्यानं करायला गेलं तर श्रीमंत उठून शेजारच्या राज्यात जातील. मग महाराष्ट्राला कसं जमलं? कारण मुंबई महाराष्ट्रात होती आणि दुसरी मुंबई जवळ नव्हती. हे उत्तर कुठल्या पुस्तकात छापलेलं मिळणार नाही, पण परीक्षेत लिहून बघा. आणि मुंबईनं का सोसलं? दया हे उत्तर अपुरं आहे. गावात काम मिळालं तर लोंढे शहरात येत नाहीत हा हिशेब होता, आणि विधानसभेत ग्रामीण आमदारांचं बळही होतं.

सगळं गोड नव्हतं. हजेरीपटावर खोटी नावं, अर्धवट तलाव, उशिरा मजुरी, हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय एका कामासाठी म्हणून कर घेतला तरी जमा आणि खर्च यांचा मेळ बसला नाही, पैसा पडून राहिला, ही टीकाही वर्षानुवर्षं झाली. कराच्या नावात हेतू लिहिला म्हणजे पैसा त्या हेतूकडेच जातो असं नाही. पुन्हा पाटी आणि पोतं!

शेवटचा मुद्दा संघराज्याच्या पैशाचा. सार्वजनिक वित्त हा विषय पाश्चात्त्यांचा, आपल्याकडं काही नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध बघावा. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला. सगळी सत्ता आणि तिजोरी कलकत्त्यात एकवटलेली, तिथून १८७१ पासून प्रांतांना आधी ठरावीक रक्कम, मग काही महसूल नेमून देणं, मग महसुलात वाटा, असे टप्पे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आणि या सेलिग्मन यांचा गाजलेला ग्रंथ कशावर? करसंक्रमण आणि करभारावर. मघाशी मोंढ्यात बोललो तेच! आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या पुस्तकातल्या प्रांतांत आपण नाही. पण प्रश्न आपलाच आहे : खर्च करणारा एक आणि पैसा उभा करणारा दुसरा असेल तर जबाबदारी कुणाची?

आजही तेच. वित्त आयोग कलम २८० खाली बसतो. पंधराव्या आयोगानं केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. पण उपकर आणि अधिभार त्या वाटपाच्या बाहेर असतात. म्हणून 'कर' आणि 'उपकर' हा नुसता शब्दांचा फरक नाही, राज्याच्या हातात किती येणार त्याचा आहे.

आणि राज्याच्या आत? तिथं आपल्याकडं एक शब्द आहे जो मराठवाड्यातल्या चहाच्या टपरीवरही कळतो : अनुशेष. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत राज्याची सरासरी धरली, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली त्याचं अंतर भरायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. सोपी, तपासता येणारी पद्धत. तिच्यातली खोच मात्र अशी, की सरासरी सरकत राहते. पुढचे पुढं धावत असतील तर मागच्यानं खड्डा भरेपर्यंत नवा खड्डा तयार. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. तुम्ही ज्या विद्यापीठात शिकताय तेही १९९४ चंच, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्याआधी इकडच्या पोरांना गुणपत्रिकेच्या कामालाही औरंगाबाद गाठावं लागायचं. हाही एक अनुशेषच होता, कुठल्या तक्त्यात न बसणारा.

अभ्यास कसा करायचा, ते आता दोन वाक्यांत. व्याख्या पाठ कराच, मार्क त्याला आहेत. पण प्रत्येक व्याख्येपुढं तालुक्यातली एक पावती लिहा : पाणीपट्टीची, मोंढ्याच्या पट्टीची, खताच्या बॅगची, घरपट्टीची. उत्तरात ते उदाहरण घातलं तर तपासणारेही दीपगृह वाचून कंटाळलेले असतात, त्यांना बरंच वाटेल.

पुढच्या भागात तूट आणि कर्ज घेऊ : महसुली तूट, राजकोषीय तूट, आणि राज्यानं काढलेलं कर्ज फेडतं कोण. तोवर घरात ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची पावती असेल तर काढून ठेवा, तिच्यावरचे सगळे रकाने आपल्याला लागणार आहेत. भेटू.